सव्वाशे चौरस फुटांतला मुक्काम: क्रूझच्या लहान केबिनसाठी सामान कसे भरावे आणि कसे लावावे

मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून गोवा, कोची किंवा लक्षद्वीपकडे सुटणाऱ्या क्रूझचे तिकीट पहिल्यांदा काढणारी बहुतेक कुटुंबे सर्वांत स्वस्त पर्याय निवडतात, आणि तो पर्याय म्हणजे जहाजाच्या पोटातली, खिडकी नसलेली केबिन. या निवडीत काहीही चुकीचे नाही, कारण जागेपणीचा वेळ डेकवर, जेवणघरात आणि नाट्यगृहातच जातो. चूक होते ती सामानाच्या बाबतीत. हॉटेलात जायचे आहे असे समजून बॅगा भरल्या जातात आणि केबिनचे दार उघडल्यावर त्या ठेवायच्या कुठे, असा प्रश्न उभा राहतो.

मुंबईहून २०२१ पासून प्रवासी नेणारी ‘एम्प्रेस’ ही बोट १९९० साली फ्रान्समधील सेंट-नझेअर येथे बांधलेली आहे, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे तिच्यातल्या आतल्या केबिन सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास आहेत. नव्या, मोठ्या जहाजांवर हा आकडा दीडशे ते पावणेदोनशेपर्यंत जातो. तुलनेसाठी सांगायचे तर वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची असे आणि संडास बाहेर, सामाईक असे. इथे संडास आणि न्हाणीघर याच सव्वाशे फुटांत बसवलेले असते. मात्र चाळीतल्या माणसांना जे पक्के ठाऊक होते, तेच केबिनमध्येही उपयोगी पडते: जमीन मोकळी ठेवायची, आणि सामान भिंतीवर किंवा पलंगाखाली जायला हवे. पुढचे सर्व टप्पे या एका सूत्राभोवतीच फिरतात.

आधी जागा डोळ्यांसमोर आणावी

दार उघडले की एक अरुंद बोळ लागतो. त्याच्या एका बाजूला न्हाणीघर आणि दुसऱ्या बाजूला कपाट असते. पुढे दोन पलंग, जे जोडता किंवा सुटे करता येतात, एक लहान टेबल, आरसा आणि एखादी खुर्ची. केबिन तिघा-चौघांची असेल तर भिंतीतून किंवा छतातून उघडणारे वरचे बंक असतात. दिवसा ते मिटवून ठेवता येतात, त्यामुळे त्यांच्यावर सामान ठेवण्याचा विचार सोडून द्यावा. कपाटात टांगण्यासाठी साधारण दोन हात रुंदीची दांडी, चार-पाच खण आणि बहुधा एक छोटी तिजोरी असते. आरक्षण करतानाच आपल्या प्रकारच्या केबिनचा आराखडा पाहून ठेवावा आणि चौघांनी मिळून खण घरीच वाटून घ्यावेत. हे हास्यास्पद वाटते, पण केबिनमध्ये उभे राहून वाटणी करायला चौघांना एकाच वेळी उभे राहता येईल इतकी जागा नसते.

बॅग निवडताना

कपड्यांआधी बॅगेचा विचार करावा. कठीण कवचाची मोठी ट्रॉली बॅग उघडली की तिला दुप्पट जमीन लागते आणि मिटल्यावरही तिचा आकार कमी होत नाही. पलंगाखाली साधारण वीत-दीड वीत उंचीची जागा असते. मऊ कापडाची बॅग रिकामी करून तिथे सरकवता येते, आणि दोन मऊ बॅगा एकमेकींच्या पोटातही घालता येतात. माझ्या पहिल्या सफरीत मी एक भक्कम, चकचकीत, टणक बॅग नेली होती. ती पलंगाखाली दोन बोटांनी अडली आणि पुढच्या तीन रात्री त्या बोळातच उभी राहिली, त्यामुळे रात्री न्हाणीघरात जाताना प्रत्येकाने तिला एकदा तरी लाथ मारली. तेव्हापासून बॅग विकत घेताना मी ती आडवी ठेवून तिची उंची मोजतो.

चौघांसाठी दोन मध्यम मऊ बॅगा आणि प्रत्येकी एक पाठीवरची सॅक पुरेशी होते. नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा अन्य शहरांतून विमानाने मुंबईला येणाऱ्यांना देशांतर्गत उड्डाणांवर साधारणपणे १५ किलो मोठ्या बॅगेसाठी आणि ७ किलो हातातल्या बॅगेसाठी मिळतात. ही मर्यादा पाळली की केबिनचा प्रश्न निम्मा सुटतो.

बॅगेला कंपनीने पाठवलेली चिठ्ठी घरूनच छापून, नीट पक्की लावून न्यावी, कारण धक्क्यावर हमालाच्या हाती दिलेली बॅग त्या चिठ्ठीवरच्या केबिन क्रमांकावरून पोहोचते. चिठ्ठी फाटली तरी मालक सापडावा म्हणून नाव आणि केबिन क्रमांक लिहिलेला एक कागद बॅगेच्या आतही ठेवावा. काळ्या बॅगांच्या रांगेत आपली ओळखू यावी यासाठी जुन्या साडीच्या काठाची पट्टी मुठीला बांधली तर लांबूनही दिसते.

कपडे

तीन रात्रींच्या मुंबई-गोवा-मुंबई फेरीसाठी माणशी दिवसाचे तीन जोड, रात्रीचा एक, पोहण्याचा एक आणि एका संध्याकाळसाठी नीटनेटका पोशाख, एवढ्यावर भागते. घोळ त्या नीटनेटक्या पोशाखाचाच होतो. जहाजावर इस्त्री नेऊ देत नाहीत, म्हणून कडक इस्त्रीची सुती साडी किंवा तागाचा सदरा नेऊ नये. जॉर्जेट, क्रेप किंवा तत्सम न चुरगळणारे कापड गुंडाळून ठेवले तरी झटकून नेसता येते. रोजचे कपडे घडी न घालता घट्ट गुंडाळावेत आणि प्रत्येक व्यक्तीचे कपडे वेगळ्या रंगाच्या चेनच्या पिशवीत भरावेत. केबिनमध्ये ती पिशवी बॅगेतून काढून जशीच्या तशी खणात ठेवली की सामान लावून झाले, आणि परतताना तीच उचलून बॅगेत ठेवायची.

माणशी एक शाल किंवा पातळ जाकीट न विसरता घ्यावे, कारण मे महिन्याच्या उकाड्यातसुद्धा आत वातानुकूलनाचा गारठा असतो. पादत्राणांचे दोनच जोड असावेत: चालायचे बूट पायात आणि रबरी चपला बॅगेत. तिसरा जोड नेलाच तर त्याच्या आत मोजे आणि चार्जरच्या तारा भराव्यात, म्हणजे त्याने अडवलेली जागा निदान वाया जात नाही.

काय घरीच ठेवावे

जहाजावर सर्वांत मोठी भीती आगीची असते, आणि बंदी असलेल्या वस्तूंची यादी त्या भीतीतूनच तयार झालेली आहे. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, विजेची किटली, मेणबत्ती यांना मनाई असते. उदबत्ती, कापूर आणि निरांजनही त्याच वर्गात मोडतात, हे आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे. केबिनच्या छताला धूर ओळखणारे यंत्र असते आणि सकाळच्या पूजेसाठी लावलेल्या एका उदबत्तीमुळे खलाशी दारात येऊन उभे राहू शकतात. ज्यांना दिव्याशिवाय चालत नाही त्यांनी बॅटरीवर चालणारा छोटा दिवा न्यावा. बिनखिडकीच्या केबिनमध्ये दिवे मालवल्यावर डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नाही, त्यामुळे तोच दिवा रात्री न्हाणीघराची वाट दाखवायलाही कामी येतो.

घरचा चिवडा-लाडू नेण्याबाबत प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात, ते वाचून घ्यावेत. परवानगी असली तरी तेलाच्या लोणच्याची बरणी मात्र नेऊ नये. सव्वाशे चौरस फुटांत सांडलेले लोणचे सफर संपेपर्यंत सोबत करते.

विजेची सोय

हा विषय थोडा खोलात जाऊन समजून घेण्यासारखा आहे. जुन्या केबिनमध्ये प्लग लावायच्या जागा एक-दोनच असतात आणि त्या टेबलाजवळ असतात. अनेक जहाजांवर त्यातली एक अमेरिकी पद्धतीची, दोन चपट्या पात्यांची, ११० व्होल्टची असते आणि दुसरी युरोपीय पद्धतीची, दोन गोल पिनांची, २२० व्होल्टची असते. आपल्या मोबाइलच्या चार्जरच्या दोन बारीक गोल पिना युरोपीय सॉकेटमध्ये सहसा बसतात, मात्र लॅपटॉपचा तीन पिनांचा प्लग यांपैकी कशातच बसत नाही. त्यासाठी एक सर्वदेशीय अॅडॉप्टर लागतो. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल तर तो दोन्हीकडे चालतो.

चौघांचे चार फोन एकाच जागेवरून भरायचे असल्यास अनेक यूएसबी तोंडे असलेला एकच चार्जर न्यावा. आपण घरी वापरतो तो स्पाइक बस्टर अजिबात नेऊ नये. घरच्या वीजजोडणीत न्यूट्रल तार जमिनीशी जोडलेली असते, तर जहाजावरची वीजव्यवस्था बहुधा जमिनीपासून, म्हणजे जहाजाच्या पोलादापासून, वेगळी ठेवलेली असते आणि दोन्ही तारांत दाब असतो. अशा ठिकाणी स्पाइक बस्टरमधला संरक्षक भाग तापून पेट घेऊ शकतो. तपासणीत तो सापडला की काढून घेतात आणि उतरताना परत देतात.

पहिल्या दिवसाची सॅक

धक्क्यावर दिलेली मोठी बॅग केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होऊ शकते. मधल्या चार-पाच तासांत जे जे लागेल ते सर्व पाठीवरच्या सॅकमध्ये हवे: ओळखपत्रे, तिकिटाची छापील प्रत, रोजची औषधे, चार्जर, पैसे, दागिने, चष्मा, लहान मुलांचे कपड्यांचे एक-दोन जोड आणि पोहण्याचा पोशाख. बॅगा वाटेत असताना पोहण्याचा तलाव जवळजवळ रिकामा असतो, आणि ज्यांच्याकडे पोशाख असतो तेच त्याचा फायदा घेतात. बोट लागण्यावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात आणि त्याही याच सॅकमध्ये ठेवाव्यात, कारण त्या बोट लागण्याच्या आधी घ्यायच्या असतात. उलटी सुरू झाल्यावर बॅगेची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

केबिनमधला पहिला तास

पुढचे सर्व दिवस कसे जातील हे या एका तासावर ठरते, म्हणून तो घाईत उरकू नये. बॅगा येण्यापूर्वीच कपाट, खण आणि पलंगाखालची जागा उघडून पाहावी. लाइफ जॅकेट कुठे आहेत ते शोधावे. बऱ्याच जहाजांवर ती कपाटाच्या वरच्या फळीवर असतात, तर काहींवर ती संकटाच्या वेळी प्रवाशांनी जमण्याच्या ठिकाणीच देतात. जागा अडते म्हणून ती बॅगांच्या मागे कोंबू नयेत. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ बुडाली आणि ३२ जण दगावले, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची सुरक्षा-कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलले आणि १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. सात लहान आणि एक लांब भोंगा ऐकू आला की जमण्याच्या ठिकाणी जायचे असते. त्या वेळी अंधारात बॅगेला अडखळून पडायचे नसेल तर जमीन मोकळी ठेवण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

केबिनची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याशी याच वेळी बोलून घ्यावे. पलंग जोडून हवेत की सुटे, जादा हँगर मिळतील का, नको असलेली चादर किंवा छोट्या फ्रिजमधल्या विकतच्या बाटल्या काढून नेता येतील का, हे विचारायला संकोच करू नये. फ्रिज रिकामा झाला की औषधे आणि बाळाचे दूध ठेवायला जागा मिळते.

बॅगा आल्या की एकानेच त्या लावायला घ्याव्यात आणि बाकीच्यांनी सरळ डेकवर जावे. आमच्याकडे हे काम माझ्या वहिनीकडे असते आणि ती सर्वांना अक्षरशः हाकलून देते. चौघांनी एकाच वेळी चार बॅगा उघडल्या की अर्ध्या तासात खोलीचा आठवडी बाजार होतो. ती पलंगावर टॉवेल पसरते, त्यावर बॅग उघडते, रंगीत पिशव्या ठरलेल्या खणांत टाकते, टांगायचे टांगते, रिकामी बॅग दुसरीत घालून पलंगाखाली ढकलते आणि मग दुसरीकडे वळते. पंचवीस मिनिटांत काम संपते. बॅगेतच कपडे ठेवून लागेल तसे काढू, हा विचार तीन रात्रींसाठी मोहाचा असला तरी तो टाळावा. तळातला सदरा काढण्यासाठी रोज सकाळी सगळी बॅग जमिनीवर रिकामी होते.

भिंतींचा उपयोग हा या सगळ्यातला कळीचा भाग आहे. केबिनच्या भिंती आणि दारे बहुतेक ठिकाणी पोलादी पत्र्याची असतात, वरून रंग किंवा पातळ थर दिलेला असतो, म्हणून त्यांना लोहचुंबक चिकटते. बाजारात मिळणारे आठ-दहा चुंबकी हूक घरून न्यावेत. टोप्या, ओळखपत्राच्या माळा, ओल्या पिशव्या आणि शाली त्यांवर लटकतात. कागदाला धरणारा चिमटा असलेले एक चुंबक दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेसाठी ठेवावे. हूक निसटतो तो बहुधा ओढ खालच्या दिशेने असते म्हणून. जड वस्तू टांगायचीच असेल तर दोन हूक शेजारी लावून वजन विभागावे. चिकटपट्टीचे हूक वापरू नयेत, ते काढताना रंग निघतो. आणि केबिनचे किल्लीकार्ड चुंबकाच्या जवळ ठेवू नये, काळी पट्टी असलेले कार्ड त्याने निकामी होऊ शकते.

न्हाणीघर

इथे शिरताना पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती उंबऱ्याची. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो चांगला उंच असतो आणि पहिल्या रात्री प्रत्येकाच्या अंगठ्याला तो आपली ओळख करून देतो. आतली जागा इतकी बेताची असते की चौघांचे चार ब्रश, तेल, फेसवॉश आणि दाढीचे सामान आरशाजवळच्या फळीवर मावत नाही. प्रत्येकाचे सामान टांगता येणाऱ्या कप्प्यांच्या एकाच पिशवीत भरून ती दाराच्या आतल्या खुंटीवर अडकवावी. काचेच्या बाटल्या नेऊ नयेत. शॉवरजवळ भिंतीतून ओढून काढायची बारीक दोरी असते, तिच्यावर पोहण्याचे कपडे वाळत घालावेत. जाडी जीन्स मात्र खिडकी नसलेल्या केबिनमध्ये दोन दिवसांतही वाळत नाही. जहाजावरचा संडास हवेच्या ओढीवर चालतो. त्यात कागदी रुमाल, डायपर किंवा पिशवी गेली की शेजारच्या केबिनचेही काम अडते, त्यामुळे लहान मुलांना हे बजावून ठेवावे.

रोजचा शिरस्ता

दिवसातून दोनदा, न्याहारीला जाण्यापूर्वी आणि झोपण्यापूर्वी, पाच-पाच मिनिटे आवराआवर केली की पसारा साचत नाही. मळलेले कपडे पलंगाखालच्या रिकाम्या बॅगेत टाकावेत. किल्लीकार्ड, चष्मा आणि फोन यांना टेबलावर एक ठरलेली जागा द्यावी. आम्ही घरून स्टीलचे एक लहान ताट नेतो आणि या वस्तू त्यातच पडतात. अंघोळीच्या पाळ्या ठरवून घ्याव्यात, आणि ज्याची पाळी नाही त्याने कपडे बदलायचे नसतील तर केबिनबाहेर राहावे. सव्वाशे फुटांत भांडणे सामानावरून कमी आणि एकाच वेळी सगळे आत असल्यामुळे जास्त होतात.

बंदरावर उतरण्याच्या दिवसाची सॅक आदल्या रात्री भरून हुकाला टांगावी. गोव्यात बोट मुरगावच्या धक्क्याला लागते आणि चालत उतरता येते. लक्षद्वीपला मात्र मोठे जहाज बेटापासून दूर उभे राहते आणि लहान होड्यांनी किनाऱ्यावर जावे लागते. होडीत चढता-उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून खांद्यावरची पर्स किंवा हातातली पिशवी तिथे अडचणीची ठरते. फोन आणि ओळखपत्र पाणी न शिरणाऱ्या पाकिटात असावे.

समुद्र जरा उठला की टेबलावरच्या गोष्टी गडगडू लागतात. बाटल्या आणि कॅमेरे झोपण्यापूर्वी खाली, खणात ठेवावेत. रात्री एका लयीत टकटक आवाज येत राहिला तर घाबरू नये, बहुतेक वेळा तो कपाटातल्या रिकाम्या हँगरांचा असतो. दोन हँगरांमध्ये एक मोजा अडकवला की आवाज थांबतो. खण आपोआप उघडत-मिटत असेल तर फटीत घडी केलेला रुमाल दाबावा.

शेवटची रात्र

उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा ठरलेल्या वेळेपर्यंत, साधारण दहा ते बाराच्या दरम्यान, दाराबाहेर ठेवायला सांगतात. त्या रात्रीतच नेल्या जातात आणि सकाळी टर्मिनलवर मिळतात. म्हणून बॅग भरण्याआधी उद्याचे कपडे, अंतर्वस्त्रे आणि पादत्राणे पलंगावर काढून ठेवावीत आणि मगच बाकीचे भरावे. आमच्या एका आतेभावाने उत्साहाच्या भरात सगळ्या पँटी भरून टाकल्या आणि मुंबईच्या धक्क्यावर तो चट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात उतरला. औषधे, किल्ल्या, ओळखपत्रे आणि घरी जाण्याचे पैसे पुन्हा पहिल्या दिवसाच्या सॅकमध्ये जातात. कमी सामान असलेल्यांना आपल्या बॅगा स्वतः घेऊन उतरण्याचीही सोय बहुधा असते, आणि मऊ बॅगा नेलेल्यांनी तीच पत्करावी. रांगेतला वेळ वाचतो.

केबिन सोडण्यापूर्वी तिजोरी उघडून तिच्यात आतपर्यंत हात घालून पाहावे, पलंगाखाली फोनचा उजेड टाकावा, वरचे बंक उलगडून बघावेत, फ्रिज, न्हाणीघराच्या दारामागची खुंटी आणि टेबलाजवळचा प्लग तपासावा. चुंबकी हूक मात्र मोजूनच गोळा करावेत. पांढऱ्या भिंतीवरचे पांढरे हूक नजरेला दिसत नाहीत, आणि दोन सफरींत माझे पाच तिथेच राहिले. आता मी लाल घेतो.